‘डिअर’ म्हणजे महागसुद्धा!

संपादक महोदय,
महागाई भत्ता वाढल्याची बातमी आली की परभणीत आम्हा पेन्शनरांच्या कट्ट्यावर दिवसभर ‘डीए’चाच, म्हणजे ‘डिअरनेस अलाउन्स’चाच विषय. त्यातला ‘डिअरनेस’ आणि पत्रातला ‘डिअर सर’ एकाच घरातले, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या इंग्रजीत ‘देओरे’ म्हणजे मौल्यवान आणि लाडकाही. ‘डार्लिंग’ त्यातूनच आला. ‘डिअर’चा जर्मन भाऊबंद ‘टॉयर’ आजही महाग वस्तूला लावतात. टंचाईला इंग्रजीत ‘डर्थ’ म्हणतात, तोही ‘डिअर’वरूनच, धान्य आटले की भाव चढणारच. १९७२ च्या दुष्काळात तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्लेल्यांना हे वेगळे शिकवायला नको. शाळेत पत्रलेखन घेताना गुरुजींनी एवढे सांगितले, तरी पोरं ‘डिअर सर’ नुसते घोकणार नाहीत.
– एक निवृत्त शिक्षक, परभणी