आमच्या ज्वारीचं बी आम्हाला परत कोण देणार?

संपादक महोदय,

जागतिक अन्नदिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला अग्रलेख वाचला. युद्ध, हवामान, खतांचे भाव, निर्यातबंदी, सगळं त्यात आलं. बियाण्यावर मात्र एक ओळही नव्हती. माझी सारी नोकरी कृषी सहायकाची झाली, त्यामुळे हे जरा जास्तच खटकलं. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, पण सुदानचा मजकूर तेवढा ठेवा.

सुदान आपल्या कानावर येतो तो यादवीमुळे आणि उपासमारीमुळे. पण हा देश ज्वारीचं माहेर आहे. पूर्व सुदानात ज्वारीच्या लागवडीचे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. शास्त्रज्ञ ज्वारीच्या ज्या वंशाला ‘दुर्रा’ म्हणतात, त्याचं नाव तिकडच्या अरबी शब्दावरून आलं आणि आपली मालदांडी त्याच वंशातली. सुदानी बाया ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला ‘किसरा’ म्हणतात. आमच्या घरच्या धिरड्याची चुलतबहीणच म्हणा.

या देशाची जीन बँक, म्हणजे पिकांच्या वाणांचा साठा, वाद मदनी या शहरात होती. डिसेंबर २०२३ मध्ये निमलष्करी फौजांनी शहर ताब्यात घेतलं आणि त्या बँकेचीही वाताहत झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुदानी ज्वारीसह काही पिकांचं बी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या तिजोरीत जमा झालं. ही तिजोरी २००८ मध्ये एका गोठलेल्या डोंगराच्या पोटात उघडली. आत उणे १८ अंश तापमान ठेवलेलं असतं आणि जगभरातले १३ लाखांहून अधिक नमुने तिथे आहेत. नियम बँकेच्या लॉकरसारखा आहे : ज्यानं ठेवलं त्यानंच काढायचं, नॉर्वेचाही त्यावर हक्क नाही. ती पहिल्यांदा कामाला आली ती २०१५ मध्ये. सीरियातल्या अलेप्पोजवळची ‘इकार्डा’ ही शेती संशोधन संस्था युद्धात सापडली. तिनं आधीच पाठवून ठेवलेलं गहू, बार्ली, मसूर, हरभऱ्याचं बी परत मागून लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं, वाढवलं आणि २०१७ पासून पुन्हा तिजोरीत भरायला सुरुवात केली.

अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांत मला सर्वांत भावतं ते हे काम. परिषदा होतात, जाहीरनामे निघतात. २०२३ हे भरडधान्य वर्ष तर भारताच्याच पुढाकारानं झालं. आमच्या तालुक्यात त्याचे फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, ज्वारीचे केक झाले. खाणारे खूश होते. पेरणाऱ्याला काय मिळालं, हे कुणी विचारलं नाही.

बियाण्याचं काम मात्र कायद्याच्या पायावर उभं आहे. अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार नोव्हेंबर २००१ मध्ये रोममध्ये संमत झाला आणि जून २००४ पासून लागू आहे. भारत त्यात आहे. ठरावीक पिकांचे वाण सर्व सदस्य देशांनी एकमेकांना संशोधनासाठी सहज द्यायचे, आणि त्यातून नफा मिळवणाऱ्यानं काही वाटा परत द्यायचा, असा हा मामला. यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हरभरा आहेत. आमच्या जिल्ह्याचं पाणी पिऊन बसलेला ऊस नाही. या करारातलं नववं कलम शेतकऱ्यांच्या हक्काचं आहे. बी पिढ्यान्‌पिढ्या जपलं ते शेतकऱ्यांनी, म्हणून त्याच्या लाभात त्यांचा वाटा असावा, असं ते सांगतं. या कराराची सभा २०२२ मध्ये आणि शेतकऱ्यांच्या हक्कांवरचा परिसंवाद २०२३ मध्ये, दोन्ही नवी दिल्लीत झाले.

आता मुद्द्यावर येतो. हैदराबादजवळ पटणचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या जीन बँकेत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. महाराष्ट्रातून गोळा केलेली ज्वारीही त्यात आहे. नमुन्याबरोबर ‘पासपोर्ट’ असतो : बी कोणत्या ठिकाणाहून आणि कधी घेतलं याची नोंद. बी वाळवून थंडीत ठेवतात, अधूनमधून उगवण तपासतात आणि उगवणशक्ती उतरली की शेतात लावून नवं बी घेतात. तेव्हा ज्वारीच्या कणसांना कागदी पिशव्या बांधतात, नाहीतर शेजारच्या वाणाचा परागकण येऊन जात बिघडते. फार निगुतीचं काम आहे. याच संस्थेनं इथिओपिया, केनिया, सोमालिया अशा देशांना त्यांच्याच वाणांचं बी परत दिलेलं आहे.

म्हणजे देशाचं बी देशाला परत जाऊ शकतं. मग गावाचं बी गावाला का नाही?

इथे मला स्वतःकडे बोट दाखवायला हवं. नोकरीत आम्हाला ‘बियाणे बदल’ वाढवायचं उद्दिष्ट असे. घरचं बी टाका, नवं घ्या, हे मी वस्तीवस्तीवर सांगत फिरलो. ते सगळं चूक होतं असं म्हणणार नाही. राहुरीच्या विद्यापीठानं हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीसाठी वेगवेगळे वाण दिले. फुले वसुधा, फुले सुचित्रा यांनी लोकांच्या पोत्यांत भर घातली. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी कोरडवाहू रानात एक रब्बी काढून दाखवावी. पण नवं देताना जुन्यातलं पायलीभर तरी बाजूला ठेवा, एवढं सांगायला माझं काय जात होतं? ते मी कधीच सांगितलं नाही. आमच्या कोणत्याच कागदात त्यासाठी रकाना नव्हता.

माझी आई मळणीच्या आधी ताटं हिंडून बियाण्याची कणसं निवडायची. दाणा टपोरा, कणीस घट्ट, ताट न लोळलेलं. ती कणसं वेगळी बडवून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. घरात भाकरीला मालदांडी, लाह्यांना वेगळी आणि हुरड्याला गूळभेंडी असायची. आज ज्या एम ३५-१ला सगळे मालदांडी म्हणतात, तीही मोहोळच्या संशोधन केंद्रावर अशाच स्थानिक ज्वारीतून निवडलेली. संशोधकानं निवड केली हे खरं, पण त्याच्यासमोर निवडायला काहीतरी होतं म्हणून.

गेल्या वर्षी नातवंडांसाठी गूळभेंडी शोधायला निघालो. दुकानात मिळालं ते बी उगवलं, पण हुरडा आंबूस आणि दाणा कणसातून सुटेना. एका कार्यालयात विचारलं, तर ‘हायब्रीड न्या, अनुदान आहे’ असं उत्तर मिळालं. ज्याला मी विचारत होतो तो मुलगा मी निवृत्त झालो त्याच सुमारास लागलेला. त्याला काय बोलणार, तो माझंच वाक्य मला ऐकवत होता. शेवटी माणदेशाकडच्या एका वस्तीवर ऐंशीच्या घरातल्या आजींकडे मडक्यात दोन ओंजळी बी निघालं. ‘सुना घेत नाहीत, तुम्ही तरी न्या,’ असं म्हणून त्यांनी ओंजळभर माझ्या टोपीत ओतलं.

मी दामाजीपंतांच्या तालुक्यातला. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. कोठारं भरली कुणी, हे कुणाला आठवत नाही. नाव राहिलं ते उघडणाऱ्याचं. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशासाठी १० लाख वाणांची दुसरी जीन बँक जाहीर झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्या रचनेत बी आत घेण्याइतकीच बी बाहेर देण्याची सोय हवी. तिजोरीतलं बी झोपलेलं असतं. रानातलं बी दर वर्षी नवा पाऊस, नवी कीड, नवा उन्हाळा बघून थोडं थोडं बदलत राहतं, ते काम उणे १८ अंशांवर होत नाही.

माझं मागणं छोटं आहे. जीन बँकांतल्या महाराष्ट्रातल्या ज्वारीच्या नमुन्यांची यादी गावांच्या नावांसह मराठीत प्रसिद्ध करावी. दर वर्षी त्यातले काही वाण त्या त्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका बीजगुणन केंद्रावर लावावेत, गावकऱ्यांना कणसं बघायला बोलवावं आणि मागेल त्याला मूठभर बी द्यावं. ते जपणाऱ्या कुटुंबाला वर्षाकाठी काही मानधन असावं. गावरान बी जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तसं काम करणारी एक बाई प्रत्येक तालुक्यात असावी यासाठी कोणत्या खात्यात किती तरतूद आहे, हे आपल्या वार्ताहरांनी शोधून छापलं तर माझ्यासारखे वाचक आभारी राहतील.

यंदा हस्ताच्या वाफशावर त्या आजींच्या बियाण्याच्या चार ओळी मी बांधालगत पेरल्या आहेत. उगवण बरी आहे. चारी बाजूंनी नवी ज्वारी असल्यामुळे निसवण्याच्या आत कणसांसाठी पिशव्या करून ठेवायच्या आहेत. जुने अंक बाजूला काढलेत, त्यात आपलंही वर्तमानपत्र आहे.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर