संपूर्ण मालिकेतला उरलेला पाव भाग परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या विनोदी मालिकेच्या ब्लू-रे संचात चित्राची झालेली काटछाट, तसेच 'रीस्टोर्ड' (दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या) चित्रपटाच्या डिस्कमधून गायब झालेला तीळ.

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीने नव्याने बाजारात आणलेला जुन्या विनोदी मालिकेचा ब्लू-रे संच मी विकत घेतला. खोक्यावर 'संपूर्ण मालिका' असे ठळक अक्षरांत छापले आहे. भाग सगळे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रत्येक भागातले चित्र मात्र पाऊणच आहे. राहिलेला पाव हिस्सा आपल्याकडे आहे आणि तो मला हवा आहे.

ही मालिका 4:3 चौकटीसाठी, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन अशा चित्रासाठी, चित्रित झाली होती. आजच्या टीव्हीचा 16:9 पडदा भरावा म्हणून आपण ती वरून आणि खालून कापली. 4:3 चित्राची रुंदी तशीच ठेवून ते 16:9 केले की उंचीतला बरोबर 25 टक्के भाग जातो. गंभीर मालिकेत थोडे छत आणि थोडी फरशी गेली तर एखाद्याने सोडून दिले असते. विनोदी मालिकेत विनोद फरशीवरच घडतो! केळीची साल खालीच पडलेली असते, पाय बादलीत खालीच अडकतो, विजारही सुटली की खालीच येते. आपल्या संचात नायक ऐटीत चालत येतो, एकाएकी पडद्याच्या खालच्या कडेला बुडतो आणि प्रेक्षक हसून लोटपोट होतात. कशावर, ते पाहायला मिळतच नाही.

एका भागात नायक पाहुण्यांसमोर भारदस्त भाषण करतो. वर कोट, टाय, सगळे व्यवस्थित. खाली विजार नाही. सगळा प्रसंग एवढ्यावरच उभा आहे. आपण तो कमरेपाशी कापला. त्यामुळे आमच्या घरातली मुले एका सभ्य गृहस्थाचे कंटाळवाणे भाषण ऐकत बसली आणि मी शेजारून 'खाली विजार नाहीये रे त्याची' असे सांगत राहिले. कोणीही हसले नाही. वरच्या कडेचीही तीच गत. मालिकेतला शेजारी हास्यास्पद वाटतो तो त्याच्या उंचीमुळे, दारातून वाकून आत येण्यामुळे. आता त्याला कपाळच उरलेले नाही. तो वाकतो तेव्हा उलट पहिल्यांदा नीट दिसतो.

आपल्या मदत केंद्राने मला सांगितले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की ग्राहक तक्रार करतात, म्हणून पडदा भरला. मीही ग्राहकच आहे आणि तक्रारच करते आहे, तेव्हा माझीही मोजावी. ब्लू-रेच्या 1920 बाय 1080 चित्रात 4:3 चौकट 1440 बाय 1080 मध्ये एकही रेघ न कापता बसते. पट्ट्यांच्या जागी कधी काही नव्हतेच, त्यामुळे पट्ट्यांनी माझे काही नेलेले नाही. नेले ते आपल्या कात्रीने.

हा प्रकार याआधी जगजाहीर झालेला आहे, म्हणून जास्त वाईट वाटते. 2021 मध्ये 'साइनफेल्ड' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका नेटफ्लिक्सवर 16:9 मध्ये आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागातला खड्डाच चौकटीबाहेर गेला. त्याआधी 2019 मध्ये डिस्ने प्लसवर 'द सिम्पसन्स' या विनोदी कार्टून मालिकेचे जुने भाग असेच कापले गेले. बिअरच्या कारखान्यातल्या तीन वेगवेगळ्या टाक्या एकाच नळातून भरल्या जातात, हा त्यातला एक विनोद. नळ वर होता, तो गेला. लोकांनी आवाज उठवला आणि 2020 मध्ये मूळ 4:3 चौकट निवडण्याची सोय डिस्नेला द्यावी लागली. म्हणजे दुरुस्ती करता येते. आपल्याला तर ती आणखी सोपी आहे, कारण पूर्ण चित्र आपल्यापाशी आहे. शेवटच्या डिस्कवर कलाकारांच्या मुलाखती आहेत, फार सुंदर आहेत. त्यांत मधे मधे मालिकेतले जे तुकडे दाखवले आहेत ते सगळे न कापलेले आहेत. विजार नसलेले पाय मी तिथे पाहिले. मुलांनाही बोलावून दाखवले आणि ती तेव्हा हसली.

आता चित्रपटाच्या डिस्कबद्दल. कथा जुळ्या भावांची आहे. दोघांना ओळखण्याची एकमेव खूण म्हणजे थोरल्याच्या गालावरचा तीळ. आपण 'रीस्टोर्ड' या नावाखाली चित्रावरचे डाग पुसले आणि त्यांबरोबर तीळही पुसला. जवळून घेतलेल्या दृश्यांत तो दिसतो, थोडे लांबून घेतलेल्या दृश्यांत नाही. न्यायालयात आई गर्दीतून धावत येते, कोऱ्या गालाकडे बोट दाखवते आणि 'हाच माझा थोरला' म्हणून रडू लागते. मीही दरवेळी तिथे रडते. या वेळी मला आईच्या साक्षीवरच शंका आली. फिल्मवरचे बारीक दाणे ही काही चित्रावर साचलेली धूळ नव्हे, चित्र बनलेलेच त्या दाण्यांनी असते. ते घासून काढले की माणसांची कातडी मेणाची होते. 'ग्लॅडिएटर' या इंग्रजी चित्रपटाच्या 2009 च्या ब्लू-रेमध्ये सुरुवातीच्या लढाईतला जळता बाण असाच यंत्राने पुसला होता, तेव्हा पुढच्या वर्षी चित्र नव्याने तयार करून पुन्हा डिस्क काढावी लागली. बाणासाठी हे होऊ शकते, तर ज्याच्यावर वारसाहक्काचा खटला उभा आहे त्या तिळासाठी नक्कीच व्हावे.

याच डिस्कच्या मेनूत दोघा भावांची गळाभेट पुन्हा पुन्हा फिरत राहते. चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्याला शेवट आधीच कळतो. कृपा करून तिथे एखादे स्थिर चित्र लावा. चोरून प्रत काढू नका ही सूचनाही वगळून पुढे जाता येत नाही आणि ती पाहावी लागते ती नेमकी पैसे देऊन डिस्क घेणाऱ्यालाच.

आवाजाबद्दल मात्र मनापासून आभार. मूळ मोनो (एकपदरी) ध्वनिपट्टी आपण तशीच ठेवली, संवाद स्वच्छ ऐकू येतात. ज्याने हे काम केले त्याच्याच हाती चित्रही सोपवावे, अशी माझी सूचना आहे.

मला पैसे परत नकोत. मालिका मूळ 4:3 चौकटीत आणि चित्रपट दाण्यांसह, तिळासह नव्या डिस्कवर तयार करून ज्यांनी हे संच घेतले त्या सगळ्यांना बदलून द्यावेत. तोपर्यंत शिल्लक खोक्यांवरून 'संपूर्ण' हा शब्द काढावा आणि चित्र कापलेले आहे, हे मागच्या बाजूला वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. बदली संच कधीपर्यंत मिळेल, ते लेखी कळवावे.

आपली,
एक ग्राहक