‘रोगप्रतिकारक’ म्हणजे नेमका कोणत्या रोगाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सफरचंदाच्या नव्या वाणांबद्दल लिहिताना ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द सरसकट वापरला जातो. त्याने बागायतदाराची दिशाभूल होते. स्कॅबला, म्हणजे पानाफळांवर काळपट खपल्या आणणाऱ्या बुरशीला दाद न देणारे झाड भुरीला किंवा फायर ब्लाइटच्या जिवाणूला सहज बळी पडू शकते.

स्कॅबप्रतिकारक वाणांपैकी बहुतेकांची भिस्त एकाच जनुकावर आहे. तो आला मॅलस फ्लोरिबुंडा ८२१ या बारक्या फळांच्या शोभेच्या झाडातून. त्याचा संकर अमेरिकेत इलिनॉयला १९१४ च्या सुमारास झाला आणि त्या वंशातला ‘प्रायमा’ हा पहिला वाण १९७० मध्ये आला. रानटी झाडाचे बारीक, तुरट फळ मागे टाकायला चांगल्या वाणांशी पिढ्यानपिढ्या संकर करावा लागतो, तोही दर वेळी वेगळ्या वाणाशी, कारण सफरचंदाला जवळच्या नात्यातला पराग चालत नाही.

संकराचे कामही नाजूक आहे. कळी गुलाबी होऊन फुगली, पण उमलली नाही, तेव्हाच पाकळ्या आणि पुंकेसर खुडायचे. उशीर झाला की मधमाशी आधी पोचते आणि रोपाचा बाप कोण, हे कळत नाही. बी दहा-बारा आठवडे ओलसर थंडाव्यात, ३-४ अंशांत ठेवल्याशिवाय नीट उगवत नाही. रोपाला तीन-चार पाने आली की प्रतिकार तपासण्यासाठी स्कॅबच्या बीजाणूंचे, म्हणजे बुरशीच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचे, पाणी फवारून पाने दोन दिवस ओली ठेवतात, तापमान १८ ते २० अंश. हे पाणी शेंड्याच्या कोवळ्या पानावर बसायलाच हवे. जून पान मुळातच रोग कमी घेते. त्यावर चाचणी केली तर कमकुवत रोपही निरोगी भासते. दोन-तीन आठवड्यांनी ज्या रोपांच्या पानांवर बुरशीची ऑलिव्ह रंगाची मखमल धरते, ती रोपे बाद.

पण एका जनुकाचे कुलूप बुरशी उघडते. जर्मनीत आरेन्सबुर्ग इथे हे घडल्याची नोंद १९९३ ची आहे. म्हणून एका वाणात दोन-तीन वेगवेगळे प्रतिकारक जनुक एकत्र आणायला हवेत. रोपात एक जनुक आहे की दोन, हे फवारणीच्या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासावा लागतो. हा खर्च वाचवू नये.

रोपवाटिकांनी रोपाच्या चिठ्ठीवर रोगाचे नाव आणि प्रतिकार एका जनुकाचा की अनेकांचा, हे लिहावे, अशी आमची मागणी आहे. आणि वाण कोणताही असो, गळलेली पाने बागेत राहू देऊ नयेत. बुरशीचा लैंगिक संकर हिवाळ्यात त्याच पानांत होतो, प्रतिकार मोडू शकणारी जनुकांची नवी जुळणी तिथेच घडते. पानगळीच्या वेळी ५ टक्के युरियाची फवारणी केली की पाने लवकर कुजतात आणि वसंतात उडणारे बीजाणू बरेच कमी होतात.

आपले,
फळझाड पैदाशीचे अभ्यासक