नानांच्या फियाटचा रंग

कोल्हापूर,
१२ एप्रिल

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते भेटल्यावर बोल, मी ऐकून घेईन. इकडे सगळे बरे आहेत, आईचा गुडघा होता तसाच. फियाट पुन्हा रंगवायची आहे, तू क्रीम म्हणतोस, ताई मरून. आज लिहायला बसलो कारण तिच्या दारांची अस्तरं काढली आणि आत जे निघालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. गाडी मुळात क्रीम नव्हतीच रे!

दाराच्या कडेला पॉलिश पेपरनं, आधी ४०० आणि मग ८०० नंबरनं, पाणी मारत रुपयाएवढी जागा तिरकी घासली. खोडाच्या वळयांसारखे थर उघडे पडले. वर आपलं क्रीम, त्याखाली मरून, त्याखाली प्रायमर नाही, थेट तिसरा रंग आणि मग कंपनीचा प्रायमर. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या थिनरचा बोळा फिरवला तर क्रीम आणि मरून दोन्ही विरघळून कापडावर आले. तळचा रंग हलला नाही. म्हणजे वरचे दोन्ही थर गॅरेजमध्ये मारलेले एनसीचे आणि तळचा कुर्ल्याच्या कारखान्यात भट्टीत भाजलेला. १९६९ ची आपली फियाट डिलाइट तिथून बाहेर पडली तो रंग हाच.

आता डिकीवरचा गुलाबी डाग आठव. तू म्हणायचास गंज, मी म्हणायचो रंगपंचमी, आणि त्यावरून आपण एकदा आठवडाभर बोललो नव्हतो. दोघेही चुकलो. जुन्या लाल-मरून रंगांतलं रंगद्रव्य वरच्या थराच्या थिनरमध्ये विरघळतं आणि वर झिरपत येतं. मरूनवर थेट क्रीम मारलं की ते आज ना उद्या गुलाबी पडणारच, आणि वर आणखी कितीही हात मारले तरी तो डाग परत येतो. म्हणून रंग कुठलाही ठरो, मरून पत्र्यापर्यंत उतरवायचं हे नक्की. शिवाय एनसीवर पीयू (आता मारायचा तो पॉलियुरेथेन रंग) मारला तर त्याच्या थिनरनं खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात, ते वेगळंच.

खरी काळजी तळच्या रंगाची आहे. दाराच्या आत तो स्पष्ट हिरवट दिसतो, शेवाळी म्हण. पण आरसी बुकात रंग लिहिलाय 'ग्रे'. (म्हणजे रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबणारे आपले नाना इतकी वर्षं नोंद न केलेल्या रंगाची गाडी चालवत होते. ताईला हे सांग, हसेल.) आक्का म्हणते, गाडी आली तेव्हा पारवी होती. पेंटर म्हणतो, आक्कांचं वय झालं, समोर हिरवा दिसतोय ना. तो रंग मोजायचं मशीन लावून हिरव्याचाच शेड काढायला निघाला होता, मी थांबवलं.

कारण असं की, त्या काळचे अल्किड (तेलाच्या राळेचे) इनॅमल अंधारात राहिले की पिवळे पडतात. अस्तराखाली पन्नासहून जास्त वर्षं ऊन न लागलेला राखी रंग पिवळसर होऊन हिरवाच दिसणार. उलट बाहेरचा रंग उन्हानं फिका पडतो, म्हणून तोही पुरावा धरता येत नाही. मग ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काढलं, आतली बाजू साबणाच्या पाण्यानं धुतली, अर्ध्या भागाला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि झाकण गच्चीवर उन्हात ठेवून दिलं. काल फॉइल काढली. झाकलेला अर्धा शेवाळी, उघडा अर्धा निळसर राखी, आणि मधली रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. आक्का बरोबर होती, आरसी बरोबर होती. आता मशीन त्या उघड्या अर्ध्यावर लावायचं. तेही हलकं पॉलिशचं कंपाउंड मारून आणि दोन-तीन जागी, कारण एका ठिकाणच्या आकड्यावर भरवसा नसतो.

मशीन फक्त जवळचा फॉर्म्युला देतं, पुढचं डोळ्यानं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला राखी उन्हात निळा किंवा जांभळट निघू शकतो, कारण मूळ रंगद्रव्यं आणि आजची वेगळी. म्हणून शेड कार्डावर काही ठरवायचं नाही. जुना चेपलेला मडगार्ड ठेवलाय, त्याच्यावर गाडीला लागणारा तोच सर्फेसर (रंगाखालचा घासून सपाट करायचा थर) मारून वर रंग मारायचा. सकाळच्या उन्हात, भर दुपारी, सावलीत आणि संध्याकाळी बघायचा. वाकलेल्या पत्र्यावर रंग एकाच वेळी उजळ आणि गडद दिसतो, ते सपाट तुकड्यावर कळत नाही. आणि कार्डावर बरा वाटलेला फिका रंग अख्ख्या गाडीवर आणखी फिका वाटतो.

आता तुझं क्रीम आणि ताईचं मरून. मरूनला माझा विरोध आहे. डेंटरनं हातानं ठोकून काढलेला पत्रा आहे, गडद चकचकीत रंगात प्रत्येक लाट दिसते. लाल घराणं झाकतही कमी, जिथे पारव्याला तीन हात पुरतात तिथे मरूनला चार-पाच लागतील, आणि उन्हात लवकर उतरतो. क्रीमविरुद्ध तांत्रिक काही नाही. चांगलं झाकतं, पत्र्याचे दोष लपवतं, क्रोमच्या बंपरला शोभतं. तुला नाना क्रीम गाडीतच आठवतात हेही मला कळतं. तरी माझं मत पारव्याला. रंग बदलला तर आरटीओत नोंद करायला हवी, पारव्याला ती कटकट नाही. पण खरं कारण ते नाही. नानांनी पैसे भरून जी गाडी घरी आणली ती पारवी होती, आणि त्यांनी ती निवडताना जे पाहिलं ते आपल्यापैकी फक्त आक्कानं पाहिलंय.

पेंटर मेटॅलिक आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, सुचवतोय. ते नाही म्हणजे नाही. ही साध्या रंगाची गाडी आहे, क्लिअर मारला की प्लॅस्टिक गुंडाळल्यासारखी दिसेल. सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर न लागणारा पीयू मारू, पूर्ण वाळला की १५०० आणि २००० नं घासून कंपाउंड करू. चकाकी जुन्या रंगासारखी मऊ येते.

काम असं ठरवलंय. रिमूव्हरनं सगळे थर उतरवायचे. दारं-बॉनेटला सँडब्लास्ट नको, सपाट पत्रा वाकतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं तिथे चांगला मास्क. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, रात्रभर उघडा ठेवला तर आपल्या हवेत गंज धरतो. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) एपॉक्सीच्या वर, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि घासायची कोरडीच. पेंटर पाणी मारून घासतात, लांबी पाणी पिते आणि वर्षाभरानं फोड येतात. मग सर्फेसर, त्यावर काळा गाइड कोट उडवून ठोकळ्यावर ३२० नं घासायचं. जिथे काळं राहील तिथे खड्डा. शेवटी ६०० आणि मग रंग. मागचा डावा दरवाजा टॅक्सीच्या भंगारातून आणलाय, त्याच्यावरचा काळा इनॅमलही पूर्ण उतरवणार.

दारांच्या कडा, डिकी आणि बॉनेटखालचं धरून चार लिटर रंग लागेल. सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळून मगच वापरायचे, नाहीतर एक दार वेगळं दिसतं. अर्धा लिटर हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव्य) न घालता बंद डब्यात ठेवू, पुढे ओरखडा गेला तर तोच लागेल. डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश कुणाला लावू देऊ नका असं इथल्या पोरांना बजावलंय, त्याचा कण पत्र्यावर गेला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आणि हे सगळं जूनच्या आधी. दमट हवेत पीयूचा हार्डनर हवेतल्या पाण्याशीच भिडतो, बारीक बुडबुडे येतात. पेंटर तोंडाला रुमाल बांधून पीयू मारतो, त्यावरून भांडण चालू आहे. हार्डनरची वाफ आणि फवारा फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतो, बाहेरून हवा पुरवणारा मास्क भाड्यानं आणतोय. पैसे गाडीच्या खात्यात.

व्हिंटेज नोंदणीचं तू विचारलं होतंस. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी बसते, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. तुला गणपतीला गावी न्यायची असेल तर घाई करू नकोस.

तुझ्या बदलीचं कळलं, नाशिक बरं आहे, द्राक्षं पाठव. पोरीचा निकाल कळव. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चुकवू नकोस.

१० मेपर्यंत होय-नाही कळव, रंग मिसळायला टाकायचाय. सीटचं रेक्झिन रंगानंतर ठरवू, जुन्या सीटचा तुकडा तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर पाठव. आणि ताईला फोन तू कर. मरून का नको ते तिला तूच सांग, माझं ती ऐकणार नाही.

तुझा,
बाळू