बंद केल्यानंतरचे तास

मुंबई

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "तुझी ती छोटी अणुभट्टी फुटणार तर नाही ना?" मी "नाही गं" म्हणून विषय बदलला. माझ्या विद्यार्थ्याने हेच विचारलं असतं, तर मी तासभर फळ्यासमोर उभी राहिले असते. तुम्हाला मात्र वीस वर्षं "कॉलेज, शिकवणं, संशोधन" यापलीकडे काही सांगितलं नाही. शेजारच्या काकू अजून विचारतात ना, "पोरगी काय करून राहिली तिकडे?" आज नीट लिहिते.

बाबा, कोराडीच्या वीजकेंद्रात युनिट बंद झालं की तुम्ही उशिरा घरी यायचात. मी चिडायचे. एकदा तुम्ही मला समजावलंत: टर्बाइन गरम असतानाच थांबू दिलं तर शाफ्ट वाकतो, म्हणून निवेपर्यंत बॅरिंग गिअरवर हळूहळू फिरवत ठेवावं लागतं. "बंद केलं म्हणजे झालं असं नसते, बाई."

माझं सगळं काम याच वाक्यात आहे. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया थांबवली, तरी विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद केल्याक्षणी ती पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का. २०० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत जवळपास ६०० मेगावॉट उष्णता तयार होते. त्याचे सहा टक्के म्हणजे ३६ मेगावॉट, आणि तेही बंद भट्टीत! मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर. त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमध्ये शिरलं, वीज गेली, गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, थंड ठेवणं जमेना.

आई, मे महिन्यात लाइट गेली की कूलर बंद पडतो, पण तुझ्या माठातलं पाणी गारच राहतं. आम्हाला भट्टीत तो माठ हवाय. गरम पाणी हलकं होऊन वर चढावं, गार होऊन खाली यावं, आणि पंपाशिवाय गाभा निवावा. लहान भट्टीत हे सोपं जातं, जसं वाटीतलं वरण पातेल्यातल्यापेक्षा लवकर निवतं. पण ज्या कारणाने उष्णता बाहेर पडते, त्याच कारणाने साखळी चालू ठेवणारे न्यूट्रॉनही जास्त निसटतात, आणि मग इंधन जास्त समृद्ध करावं लागतं, म्हणजे त्यातलं सहज फुटणाऱ्या युरेनियमचं प्रमाण वाढवावं लागतं. या ओढाताणीत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी गणितातल्या एका चुकीने सहा महिन्यांचे निकाल वाया गेले, तेव्हाही फोनवर "सगळं छान" म्हणाले होते. तेव्हा बाबांशी बोलायला हवं होतं.

बाबा, अशा छोट्या भट्ट्यांच्या खर्चाची तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीचा छोट्या भट्ट्यांचा, युटा राज्यातल्या वीजसंस्थांसाठीचा प्रकल्प वीज महागत गेल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. रशियाची समुद्रातली तरंगती भट्टी मात्र २०१९च्या अखेरीपासून पेवेक या गावाला वीज देते आहे. आपल्याकडे २०२५च्या अर्थसंकल्पात यासाठी २०,००० कोटी ठेवलेत, २०३३पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या चालू करायच्या आहेत. माझे विद्यार्थी त्या पाहतील. तुम्हीही पाहाव्यात, असं फार वाटतं.

सेमिस्टर संपलं की येते, चांगली पंधरा दिवस. कूलरची खस मी बदलेन, बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस. आणि बाबा, तुमची शिफ्टची जुनी वही काढून ठेवा. टर्बाइन निवायला किती तास लागायचे, ते मला तुमच्या अक्षरात वाचायचंय.

तुमची,
बाई