माळावर खड्डे नकोत, गवत राहू द्या

महोदय,

जून उजाडला की आमच्या गावामागच्या माळावर जेसीबी येतो. खड्डे घेतले जातात, गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपे लागतात, फोटो निघतात. लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा माळ ओसाड आहे, हे कुणी ठरवले?

मी तिथे रोज सकाळी फिरायला जाते. पावसाने गवत घोट्याच्या वर आले की पावलागणिक एक लहानसे तपकिरी फुलपाखरू उठते, गवताच्या शेंड्यांवरून चार हात डुलत जाते आणि पुन्हा काडीवर बसते. कॉमन फोर-रिंग त्याचे नाव. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. पंख मिटून बसले की मात्र जरा थांबून पाहावे. करड्या पंखांवर बारीक रेघांची नक्षी, पिवळ्या कड्यांचे काळे डोळे, आणि पुढच्या पंखावरच्या मोठ्या डोळ्यात दोन निळसर ठिपके! पक्ष्याची चोच डोक्याऐवजी या खोट्या डोळ्यांवर पडते, पंखाचा तुकडा जातो पण जीव वाचतो. असे कातरलेले पंख घेऊन उडणारी मी कितीदा पाहिली आहेत. दिवाळीनंतर गवत वाळते, तेव्हाच्या पिढीत मागच्या पंखांवरचे हे डोळे पुसट होऊन नुसते टिंब उरतात. वाळल्या काड्यांत ते बसले की नजरेला सापडत नाही.

याची मादी अंडी गवतावर घालते, अळी गवतच खाते. वर झाडांची सावली दाटली की खालचे पवना, कुसळीसारखे उन्हातले गवत विरळ होत जाते. मग फुलपाखरू कुठे जाणार? चंडोल, तितर कुठे जाणार? मेंढपाळांच्या चराईचा प्रश्न तर वेगळाच. शिवाय नवे गवत जोमाने येते या समजुतीने उन्हाळ्याच्या तोंडावर माळ पेटवतात, तेही थांबायला हवे.

झाडे जरूर लावावीत. रस्त्याकडेला, बांधावर, शाळेच्या आवारात करंज, उंबर, वड लावायला भरपूर जागा आहे. पण सरकारी दप्तरी 'पडीक' लिहिले म्हणून माळ खणू नये. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. इतर गावांतल्या वाचकांनीही खड्ड्यांची आखणी होण्याआधी, भर पावसाळ्यात एकदा आपल्या माळावरून चालून यावे.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. पुरंदर, जि. पुणे