मागाहून भरलेले ठिपके

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यातल्या एका प्रसूतिगृहात ३१ वर्षे लेबर रूमला ड्यूटी केली. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, आता कबूल करायला हरकत नाही. पार्टोग्राफ नावाचा कागद मी कितीतरी वेळा बाळ झाल्यावर बसून भरला आहे.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गर्भपिशवीचे तोंड किती उघडले, बाळाचे ठोके किती, दहा मिनिटांत कळा किती, हे त्यावर ठिपक्यांनी मांडत जायचे असते. ठोके निदान दर अर्ध्या तासाने, पिशवीचे तोंड साधारण दर चार तासांनी. ठिपके उजवीकडे सरकू लागले की बाळंतपण रेंगाळलेय हे नवख्या सिस्टरलाही कळते. ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहू लागले तर डॉक्टरांना झोपेतून उठवायचे, कळा वाढवायचे सलाईन चालू असेल तर आधी ते बंद करायचे. पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे चार खाटा. एकीला टाके चाललेत, एक ओरडतेय, दारात कुणाचे तरी सासरे ‘अजून किती वेळ?’ म्हणून मावशींशी हुज्जत घालताहेत. कागद मागे पडतो. मग बाळ झाले की छान सरळ रेघ ओढायची. माझ्या कागदांवरच्या बहुतेक बाळांचे ठोके १४०!

गेल्या वर्षी माझी भाची शहरातल्याच एका रुग्णालयात बाळंत झाली. बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा अडकला. भाची सांगते, कुणीतरी पोटावर वरून जोरात दाबले. अशा वेळी वरून रेटायचे नसते. बाईचे गुडघे पोटाशी घ्यायचे आणि ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर दाब द्यायचा, म्हणजे खांदा सुटायला वाट मिळते. वरून रेटले तर तो हाडामागे आणखी घट्ट बसतो, आणि डोके ओढले तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. बाळाचा उजवा हात जन्मतःच लुळा पडला. आल्यागेल्या बायकांनी मालिश सुचवले. मी मात्र पहिल्या महिन्यातच फिजिओथेरपी सुरू करायला लावली, आणि तीन महिन्यांत कोपर वाकले नाही तर थेट नसांच्या सर्जनकडे जायचे असे बजावून ठेवले. सुदैवाने वाकले. बऱ्याच बाळांचा हात असा सुधारतो, पण वाट बघत बसण्यात वर्ष घालवलेली मुलेही मी पाहिली आहेत.

मग आम्ही कागद मागितले. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. आम्हाला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले. हाती आलेल्या पार्टोग्राफवर एकाच शाईची, एकाच हाताची, जराही न हलणारी रेघ होती. ती रेघ मी ओळखली.

भाचीच्या दिरांना पोलिसांत जायचे होते. मी त्यांना वकिलाकडे नेले. डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करायला निष्काळजीपणा अगदी ढोबळ असावा लागतो आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत आधी घ्यावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगून ठेवले आहे. भरपाईचा रस्ता ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हा निकाल १९९५ चा. १९९८ मध्ये तर मेंदूला इजा झालेल्या एका लहान मुलाबरोबर त्याच्या आईवडिलांनाही न्यायालयाने ग्राहक मानले आणि दोघांची भरपाई वेगवेगळी धरली. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि बाळाच्या तपासण्यांत ती कशी सरते ते कळत नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्यांना हा कायदा लागू नाही, तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात.

डॉक्टरांवर राग म्हणून हे लिहीत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे, झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या मेंदूला इजा कळा सुरू होण्याआधीच झालेली असते. कळांच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यामुळे झालेली त्यांत थोडीच असतात. अशा वेळी वेळच्या वेळी भरलेला कागद डॉक्टरांचाच साक्षीदार ठरतो. मागाहून भरलेला कुणाच्याच उपयोगाचा नाही, त्या रात्री बाळाच्याही नाही.

म्हणून महापालिकेच्या आरोग्य खात्याला एकच विनंती आहे. शहरातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाने पार्टोग्राफची प्रत डिस्चार्ज कार्डाला टाचून आईच्या हातात द्यावी. कागद घरी जाणार हे माहीत असले की सिस्टर घड्याळाकडे बघते, आणि एका सिस्टरकडे चार खाटा देणाऱ्या मालकालाही विचार करावा लागतो. झेरॉक्सला दोन रुपये पडतात.

भाचीची तक्रार दाखल झाली आहे. साक्षीला बोलावले तर मी जाणार आहे. पार्टोग्राफ कसा भरायचा असतो आणि कसा भरतात, दोन्ही सांगेन.

– एक निवृत्त परिचारिका, सदाशिव पेठ, पुणे
(भाचीचे प्रकरण चालू असल्याने नाव छापू नये ही विनंती.)